भंगारातल्या फियाटला गाऱ्हाणं

आज आबांची फियाट भंगारात दिली. बॉनेट उघडताच जुन्या पेट्रोलचा वास आला आणि मिरजोळ्याचं ते भंगाराचं आवार आठवलं.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पदवी घ्यायला आबा मला याच गाडीतून नेणार होते, पण कार्बोरेटर गेलेला. आवारात रानात बुडालेली तसलीच फियाट सापडली. पाना लावण्याआधी आबांनी देवाला घालतात तसं तिला गाऱ्हाणं घातलं.

"बाय गो, तुझा कार्बोरेटर नेतंय. रागवू नको. पोराला पदवी आणायची हाय."

देवळात गाऱ्हाण्याला गावकरी साथ देतात तसे भंगारवाले चाचा गंभीरपणे म्हणाले, "होय महाराजा!" मला हसू आवरेना.

आज मीच बॉनेटवर हात ठेवला. "बाय गो, कुणाची गाडी अडली तर हवं ते दे."

होय महाराजा म्हणायला कुणी नव्हतं. मीच म्हणालो.