गुढियारीचे शून्य पाणी

पाणी आटले की भांड्याच्या तळाशी पांढरा थर उरतो. घरात एखादा व्यवसाय सुरू झाला की किश्शांचेही तसेच होते. दिवस उडून जातात आणि किस्से तळाशी बसतात. माझ्या सुनेने, पल्लवीने, रायपुरातल्या गुढियारीच्या आमच्या घरामागे पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवले, तेव्हापासून माझ्याकडे असा बराच थर साचला आहे. परंतु मी शिक्षिका होते; आधी प्रस्तावना, मग गोष्ट.

छत्तीसगडची नवी राजधानी, नवा रायपूर, उभी राहत होती. तेलीबांध्यापासून पुढे काचेच्या इमारती दिसू लागल्या होत्या आणि त्या काचांवर धूळही तितक्याच उत्साहाने बसत होती. पल्लवीने बँकेतली नोकरी सोडली आणि काचा धुण्याचा व्यवसाय काढला. नळाचे पाणी काचेवर वाळले की क्षारांचे डाग पडतात. तिच्या यंत्रातून निघणाऱ्या पाण्यात क्षारच नसतात. ते लांब दांड्याच्या ब्रशमधून काचेवर सोडायचे; ते डाग न ठेवता आपोआप वाळते, फडके फिरवावे लागत नाही. क्षार मोजणारे छोटे मीटर शून्य दाखवील, तेच पाणी गाडीवरच्या टाकीत भरायचे, हा तिचा नियम.

घरात ठरले होते की दिवाळीपर्यंत एखाद्या मोठ्या इमारतीचे वर्षभराचे काम मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास यंत्र विकायचे आणि पल्लवीने पुन्हा नोकरी धरायची.

"आई, मले फक्त एक बिल्डिंग भेटू द्या," ती मला म्हणायची. "मंग पाहा तुम्ही!"

जणू इमारती माझ्या कपाटात ठेवलेल्या होत्या!

* * *

शेजारचे वानखेडे काका रेल्वेतून निवृत्त झालेले. यंत्र सुरू झाले त्याच सकाळी ते कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

"पोरी, इतकं शुद्ध पाणी तू काचेले पाजून राहिली, अन् आम्ही काय पाप केलं? आण एक गिलास!"

"काका, ते पिण्यासाठी नाही. चव नसते त्याले."

काकांनी आजवर कोणाचे ऐकल्याची नोंद नाही. त्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला आणि मोठ्या कष्टाने गिळला. मग पेला उजेडासमोर धरून त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"पोरी," ते गंभीरपणे म्हणाले, "याच्यात पाणीच नाही!"

* * *

हे यंत्र जेवढे पाणी शुद्ध करते, जवळजवळ तेवढेच क्षारांचे पाणी दुसऱ्या नळीने बाहेर टाकते. उन्हाळ्यात गुढियारीत पाणी गटारात सोडणे म्हणजे भांडणाला आमंत्रण. पल्लवीने ती नळी कुंपणाबाहेर काढली आणि आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायकांना भांडी घासण्यासाठी मोकळी करून दिली.

सर्वांत आधी समोरच्या मंगलाबाई बादली घेऊन आल्या.

"काहून गं पल्लवी, हे तुयं टाकलेलं पाणी ना?"

"हो मावशी. भांड्यांले चालते. जरा जड आहे फक्त."

"अन् चांगलं पाणी काचेले?"

"हो."

मंगलाबाईंनी भरलेली बादली उचलली आणि आकाशाकडे पाहिले.

"देवा, पुढच्या जन्मी मले काच कर!"

* * *

गोल बाजारातल्या भांड्यांच्या एका दुकानाची दर्शनी काच पल्लवीने मोठ्या हौसेने धुऊन दिली. दुसऱ्या दिवशी दुकानदार स्वतः आमच्या दारात! चेहरा उतरलेला.

"दीदी, आपने तो हमारा नुकसान कर दिया."

पल्लवीने विचारले, "दाग रह गया क्या, भैया?"

"दाग होता तो अच्छा था! काँच इतना साफ है कि अंदर के बर्तनों की धूल सड़क से दिख रही है. अब या तो बर्तन भी धो दीजिए, या काँच पहले जैसा कर दीजिए!"

पल्लवीने भांडी धुऊन दिली नाहीत. दुकानदाराने मात्र ती स्वतः धुतली आणि पुढच्या महिन्यात काचेसाठी पुन्हा बोलावले.

* * *

पाण्याची गाडी चालवतात संतराम भैया. एकदा नवा रायपूरला एका फाटकावर पहारेकऱ्याने त्यांना अडवले. मी गाडीतच बसले होते, म्हणून दोघांचे छत्तीसगढी संभाषण शब्दशः देते.

"टंकी में का हे?"

"पानी."

"कहाँ ले जात हस?"

"खिडकी धोए बर."

पहारेकऱ्याने आतल्या नळाकडे बोट दाखवले. "इहाँ पानी नइ हे का?"

"हे ना," संतराम भैया अत्यंत नम्रपणे म्हणाले. "पीये के लइक हे. काँच धोए के लइक नइ हे!"

फाटक उघडले, परंतु पहारेकरी त्यानंतर हातातल्या बाटलीकडे संशयाने पाहत राहिला.

* * *

दिवाळी तोंडावर आली. पाण्याचे जार विकणारा एक गृहस्थ येऊन यंत्राची मापे घेऊन गेला. पल्लवीने त्या रात्री नोकरीच्या जाहिराती काढून ठेवल्या. आणि त्याच आठवड्यात नवा रायपूरच्या एका भल्यामोठ्या काचेच्या इमारतीतून ट्रायलचे बोलावणे आले! काम पसंत पडले, तर वर्षभराचा करार.

सून परीक्षेला निघालेली असताना घरी बसणे मला जमण्यासारखे नव्हते. मीही गेले.

इमारतीपाशी पोचल्यावर पल्लवीने शिरस्त्याप्रमाणे टाकीचे पाणी पेल्यात काढून त्यात मीटर बुडवले. आकडा शून्यावरून निघाला आणि चढतच गेला. तिने पेला विसळून पुन्हा मोजले. तेच. टाकीचे झाकण उघडले, तर आत झेंडूच्या पाकळ्या तरंगत होत्या आणि पाण्याला हळदीची पिवळी झाक आली होती.

"संतराम भैया, हे काय?"

"वानखेडे काका ने डाला, दीदी. परयाग से गंगाजल लाए थे ना, पूरा डिब्बा. हल्दी-कुंकू भी. बोले, आज बहू का बड़ा काम है."

मीटर पुण्य आणि क्षार यांत भेद करत नाही. गुढियारीला जाऊन पुन्हा पाणी आणायचे, तर संध्याकाळ झाली असती. आणि इमारतीच्या मॅनेजरसाहेबांनी वेळ दिला होता तो केवळ दुपारपर्यंतचा. पल्लवीने मीटर पुसून पिशवीत टाकले. मग म्हणाली, "भैया, टाकी रिकामी करा," आणि सरळ मॅनेजरसाहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"सर, आज नहीं धो पाऊँगी. पानी बिगड़ गया."

"कैसे बिगड़ गया?"

"उसमें गंगाजल पड़ गया."

मॅनेजरसाहेबांनी चष्मा काढला. "आप चुपचाप इसी से धो देतीं, तो मुझे क्या पता चलता?"

"आपको नहीं चलता, सर. दो दिन बाद काँच बता देता."

ते काही बोलणार, एवढ्यात त्यांचे लक्ष संतराम भैयांकडे गेले. भैया फरशीवर बसून टाकीचा कॉक उघडण्याच्या बेतात होते. तो शिस्तीचा, कडक इस्त्रीचा माणूस अक्षरशः धावत सुटला!

"अरे रुको! गंगाजल पैरों में बहाओगे क्या?"

त्यांनी वर फोन लावला. पाहता पाहता एकेका मजल्यावरून माणसे उतरली. कोणी बाटली आणली, कोणी डब्याचे झाकण, एका बाईंनी तर चहाचा थर्मास! चपला बाजूला काढून शिस्तीत रांग लागली. संतराम भैया पुजाऱ्याच्या गांभीर्याने वाटप करू लागले. लोक आधी पाणी डोळ्यांना लावत, मगच बाटलीचे झाकण फिरवत. पल्लवी कोरडा ब्रश हातात धरून बाजूला उभी होती.

टाकीतले शेवटचे पाणी मॅनेजरसाहेबांनी स्वतःच्या दोन बाटल्यांत भरले. बाटल्या छातीशी धरून ते पल्लवीपाशी आले.

"आपका ट्रायल हो गया. सोमवार से आ जाइए, मैडम. पूरे साल के लिए."

पायऱ्या चढून ते दारापर्यंत गेले, थांबले आणि मागे वळले.

"और सुनिए, काँच के लिए सादा पानी ही लाइएगा!"