झील धरणाऱ्या पोरी

आता माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की घरातली माणसं कानांवर हात ठेवतात. ठेवा म्हणावं. चौथीपर्यंत मी तोतरी होते, तेव्हाचा उपास आत्ता सोडतेय.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. न्हावऱ्याच्या शिवारात आमची वस्ती. आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. वडिलांनी, म्हणजे आमच्या आप्पांनी, मेंढरं विकली आणि ऊस-कांदा करायला लागले. मेंढरं गेली, बिरोबाच्या धनगरी ओव्या मात्र राहिल्या. आप्पांनी खड्या आवाजात ओळ टाकायची आणि मागच्यांनी ती उचलून एका सुरात म्हणायची, याला झील धरणं म्हणतात. असा गळा असलेल्या माणसाच्या पोटी माझ्यासारखी पोर! पाणी मागायचं तर 'प-प' करता करता तहान मरून जायची.

शाळेत वाचायला उभं केलं की माझी दातखीळ बसायची. पाटीवर एक चूक नसायची, तरी मी ढ. आधीचे गुरुजी काही वाईट नव्हते, पण त्यांच्याकडं सब घोडे बारा टक्के. शेवटी आप्पांनी ठरवलं, हिला शाळेतून काढायची आणि भांडगावच्या आत्याकडं तिचं बाळ सांभाळायला धाडायची. जिला बोलता येईना ती शिकून काय करणार, असं ते आईला सांगत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण भांडायलाही जीभ लागते.

त्याच वर्षी बाई आल्या. शिरूरहून एसटीनं यायच्या आणि फाट्यावर उतरून चालत शाळा गाठायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या रांगा मोडल्या आणि चौघाचौघांचे गोल केले. गणितात पळणाऱ्या पोराला दुसऱ्यांसाठी गणितं तयार करायला लावलं. डेअरीला दूध घालून उशिरा येणाऱ्या भावंडांचा धडा दुपारी ठेवला. जिला एका जागी बसवत नव्हतं तिच्याकडं सगळ्या गोलांत खडू-पाट्या पोचवायचं काम दिलं. वस्तीवरची माणसं चेष्टा करायची, बाई शाळा भरवतात का पंगत बसवतात? पंगतच आहे, ज्याला जेवढं लागतं तेवढं वाढते, असं बाई हसून सांगायच्या.

माझ्यापुढं मात्र त्यांनीही हात टेकले होते. मग बिरोबाची जत्रा आली. आप्पा ओव्या म्हणत होते, मागं पोरांच्या घोळक्यात बसून मी झील धरत होते, आणि बाई एकटक माझ्या तोंडाकडं बघत होत्या. चारचौघांच्या सुरात मी अडखळत नाही हे वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

जत्रा संपून शाळा भरली, तेव्हा बाईंनी सांगितलं की आजपासून प्रत्येक गोलानं धडा एका आवाजात वाचायचा. सगळ्या वर्गाला सांगितलं, माझं नाव कुठंच नाही. त्या शहाणपणाला मी आजही हात जोडते. माझ्या गोलातल्या तिघी मला मधे घेऊन वाचायला लागल्या, आणि मी अख्खा धडा वाचला. आनंदानं मला रडूच फुटलं.

पण घरी काहीच बदललं नव्हतं. एका दुपारी आप्पा माझे कपडे पिशवीत भरून शाळेच्या दारात उभे राहिले. चौफुल्याची एसटी यायची होती, तिथून भांडगाव जवळ. बाईंनी वाद घातला नाही.

"आप्पा, गाडीला वेळ आहे. बसा, एक धडा ऐका."

आम्ही चौघी वाचायला लागलो. बाई मागून आल्या आणि त्यांनी एकीच्या खांद्याला हात लावला, ती थांबली. मग दुसरी, मग तिसरी. माझं डोकं पुस्तकात. पान उलटलं तेव्हा मला एकच आवाज ऐकू आला, आणि तो माझा होता. तशी मी घाबरले आणि अडकले. तिघींनी मदतीला तोंड उघडलं, पण बाईंनी मानेनं नको म्हटलं.

फाट्यावर हॉर्न वाजला. आप्पा उठले. "चल," म्हणाले.

मी उभी राहिले. "आप्पा, म-म-मला आ-आत्याकडं..."

माझं वाक्य अडलं की आप्पाच ते पुरं करून टाकायचे. मायेनंच, पण टाकायचे. आत्ताही त्यांनी तोंड उघडलं. मग बाईंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मिटलं. हॉर्न पुन्हा वाजला. आप्पा हलले नाहीत.

"...न-न्हाई जायचं," मी म्हणाले.

आप्पांनी कपड्यांची पिशवी खांद्याला अडकवली आणि एकटेच वस्तीकडं चालायला लागले.