ठोक्यांमधली जागा

सकाळी उठले की माझ्या फोनवर एका ओळीचा संदेश आलेला असतो : ‘उकल – सर्व चाचण्या बरोबर.’ तो कुणी माणूस पाठवत नाही. उंब्रजला महामार्गाच्या कडेला असलेल्या एका दुकानातला संगणक पाठवतो. गेल्या महिन्यातल्या त्या सकाळीही तो नेहमीच्या वेळी आला. मी वाचला, चहाचे आधण ठेवले आणि मामांचा फोन आला. मामा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. फोनवर ते आधी समोरच्याची खुशाली विचारतात, मग कामाचे बोलतात. त्या दिवशी खुशाली विचारली नाही. “पोरी, महेश गेला,” एवढेच म्हणाले. मग म्हणाले, “पहाटं न्हाणीत पाणी काढून ठेवलं हुतं... तितंच दारात बसला, आन् उठलाच न्हाई.” मी फोनवरचा तो संदेश पुन्हा उघडून त्याची वेळ पाहिली. दुकानातल्या संगणकाने सगळे बरोबर असल्याचे कळवले, तेव्हा माझा मामेभाऊ जिवंत नव्हता.

महेशदादा डॉक्टरांची यंत्रे दुरुस्त करायचा. कराडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केल्यावर त्याने उंब्रजला दुकान थाटले आणि लोणंदपासून इस्लामपूरपर्यंतच्या दवाखान्यांत त्याची मोटारसायकल फिरू लागली. नम्रता हा गुण त्याच्यात शोधूनही सापडला नसता. “मी उघडलं आन् चाललं न्हाई, असं मशीन अजून जन्माला यायचंय,” असे तो डॉक्टरांच्या तोंडावर सांगत असे, आणि एखादे यंत्र खरोखरच चालले नाही तर दोष त्या यंत्राच्या जन्माला देत असे. मी सांगलीत हृदयाच्या विद्युत्संकेतांवर संशोधन करते. त्यामुळे आमचे बोलणे घरगुती चौकशीत फार रेंगाळत नसे. दोन वाक्यांत वहिनी, मुलगी, मामा उरकले की तिसऱ्या वाक्याला आम्ही बाइटवर, म्हणजे फाइलींतल्या आकड्यांवर, येत असू.

‘उकल’ हे त्याने लिहिलेल्या लायब्ररीचे, म्हणजे कुणालाही आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येईल अशा तयार कोडच्या संचाचे, नाव. तिचा जन्म इस्लामपूरच्या एका डॉक्टरांच्या अडचणीतून झाला. त्यांच्याकडे रुग्णाच्या छातीला पट्ट्या लावून दिवसभराचे ठोके नोंदवणारे एक जुने यंत्र होते. यंत्र धडधाकट होते, पण त्याच्या फाइली वाचणारा मूळ प्रोग्रॅम ज्या संगणकावर चाले तो संगणक संपला आणि यंत्र बनवणारी कंपनीही उरली नव्हती. मजकुराची फाइल कुणालाही उघडून वाचता येते. बायनरी फाइल ही नुसत्या आकड्यांची अखंड रांग असते. त्यातला कोणता आकडा तारखेचा, कोणता पट्टीच्या क्रमांकाचा आणि कोणता हृदयाच्या विजेचा, हे फाइल स्वतः सांगत नाही. दादाने बरेच महिने खपून ती रांग उलगडली. मग त्याला वाटले, हेच काम प्रत्येक यंत्रासाठी नव्याने का करायचे? त्यातून ‘उकल’ तयार झाली. वापरणाऱ्याने चार-सहा ओळींच्या स्क्रिप्टमध्ये आकड्यांचा क्रम सांगायचा. लायब्ररी त्या क्रमाने फाइल वाचते आणि हवी तेव्हा तशीच्या तशी परत लिहूनही देते. वाचलेले पुन्हा लिहायचे आणि दोन्ही फाइली बाइटला बाइट लावून ताडून पाहायच्या, ही त्याची मुख्य चाचणी होती. दुकानात वायरींच्या वेटोळ्यांवर, सराफाच्या दुकानात देवीची तसबीर असते तेवढ्या उंचीवर, त्याने पुठ्ठ्यावर रंगवून लावले होते : ‘मूळ फाइलला हात लावू नये.’ काम करायचे ते प्रतीवर. तो नियम त्याने कधी मोडला नाही; बाकीचे बहुतेक मोडले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्याने मला तातडीने बोलावले. लायब्ररी सर्वांसाठी खुली करायची होती आणि त्याआधी एक अडथळा निघाला होता. मी पोहोचले तेव्हा तो स्क्रीनसमोर पाठमोरा बसला होता. न वळताच म्हणाला, “या, सायंटिस्ट! खुर्ची मोडकी हाय, पण तुमच्या डिग्रीचं वजन पेलंल.”

“काय बिघडलंय?”

“बिघडलंय न्हाई. बारीक किडा हाय. हितं बघ... ठोकं नीट चाललेत, चाललेत, आन् हितं एकदम सपाट. परत चालू. माझी लायब्ररी मधलं काय तरी खाती.”

मी फाइल कुणाची म्हणून विचारले. “माझी की! पेशंटची फाइल नमुना म्हणून जगाला कशी वाटायची? म्हणून मीच दिवसभर पट्ट्या लावून हिंडलो. लोणंदला जाऊन आलो, मिसळ खाल्ली, तुझ्या वहिनीशी भांडलो. सगळं हाय त्यात.” त्याचे बोट अजून त्या सपाट रेषेवर होते. सावकाश श्वास घेऊन सोडावा, एवढी ती जागा होती. फाइलमध्ये तशा आणखीही काही जागा होत्या.

“ह्या वेळी तुला काय होत होतं, दादा?”

“काय न्हाई. उन्हातनं आलो हुतो. जरा अंधारी आली.”

दुकानात यंत्रे तपासण्यासाठी ठेवलेल्या एका मॉनिटरची टिकटिक चालू होती. ती बंद करावी, असे मला वाटले. माझ्या आईचे वडील, म्हणजे दादाचे आजोबा, बांधावर बसल्या जागी गेले होते. चुलत आजोबा लग्नाच्या पंगतीत. आमच्या घरात याला ‘चांगलं मरण’ म्हणत; कुणाला काही करावे लागले नाही, असे म्हणत, आणि म्हणताना आवाजात थोडा अभिमानही असे. त्या स्क्रीनसमोर बसून मी प्रथमच त्या मरणांचा एकत्र विचार केला.

मग आम्ही वाद घातला, आणि तो वाद आजही मला शब्दशः आठवतो, कारण त्यात दोघांची बुद्धी सारखीच चालत होती आणि एकाच्याच जिवाचा प्रश्न होता. तो म्हणाला, यंत्र आकडे ठरावीक आकाराच्या ठोकळ्यांत लिहिते. एका ठोकळ्यातून दुसऱ्यात जाताना वाचन चुकत असेल. मी म्हणाले, तसे असते तर चूक ठोकळ्यांच्या सीमेवरच, नेमाने आली असती. या जागा कुठेही येतात. तो म्हणाला, मग पट्टी सुटली असेल. मी रेषा मोठी करून दाखवली. ती पूर्ण सपाट नव्हती. स्नायूंची बारीक थरथर तिच्यात होती. पट्टी जागेवर होती, यंत्र ऐकत होते. शेवटी मी त्याचीच चाचणी त्याच्यावर चालवली. फाइल वाचली, परत लिहिली, ताडली. एकाही बाइटचा फरक नव्हता.

“त्यानं काय सिद्ध हुतंय?” तो ताडकन म्हणाला. “वाचताना आन् लिहिताना एकच चूक केली, तरी फाइल जुळणारच की!”

हे खरे होते. मला त्याचा राग आला आणि कौतुकही वाटले. पण तोवर मला हवे ते दिसले होते. हृदयाचा वरचा कप्पा आधी आकुंचन पावतो. त्याची आलेखात एक लहान लाट उमटते. तिच्या मागोमाग खालच्या कप्प्याचे उंच टोक येते. त्या रिकाम्या जागांमध्ये लहान लाटा होत्या, एकामागून एक, अगदी वेळेवर. उंच टोके तेवढी नव्हती. वरून हाक जात होती. खालून ओ येत नव्हती. कोणतीही लायब्ररी मोठे आकडे गिळून लहान तेवढे जागच्या जागी ठेवत नाही. मी बोट ठेवून एकेक लाट दाखवत गेले. तो शेवटच्या लाटेपर्यंत बघत राहिला. मग पाठ टेकून हसला.

“म्हंजे लायब्ररी बरोबर हाय.”

चहा घेऊन दारात उभ्या असलेल्या सुनीतावहिनींनी कप टेबलावर ठेवले. “आवं, लायब्ररी बरोबर हाय, ते कळलं,” त्या म्हणाल्या. “आन् तुमी?”

 त्याने चहा बशीत ओतला, फुंकर मारली, आणि स्क्रीनवरची ती रेषा हलकेच बाजूला सरकवली.

सांगलीच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे त्याला न्यायला मला बरेच आठवडे लागले. आधी तो म्हणाला, दुसऱ्या कंपनीच्या यंत्राने आपले वाचन तपासून घेणे म्हणजे हार मानणे. मग म्हणाला, इस्लामपूरची दोन कामे अडलीत. मग गाळप हंगाम सुरू झाला आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रस्त्यावर दुचाकी चालवणे जिवाला धोक्याचे असल्याचा शोध त्याला लागला. “जिवाला धोका म्हणतोयस तू?” मी फोनवर ओरडले. “लय आवाज चढवू नगंस, ठोका चुकंल माझा,” तो म्हणाला. अखेर वहिनींनी त्याला एसटीत बसवून आणले. तज्ज्ञांच्या नव्या यंत्राने तेच दाखवले, जे ‘उकल’ने दाखवले होते. पेसमेकर बसवावा लागेल आणि लवकर, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. दादा खिडकीबाहेर पाहत होता. बाहेर पडताना त्याने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला : “त्या पेसमेकरमदी नोंदी ऱ्हात्यात का?” डॉक्टर म्हणाले, राहतात, तो सतत नोंद ठेवतो. दादाचा चेहरा उजळला. “बायनरीच आसंल की मग!” आमच्या सगळ्या विनवण्यांनी जे झाले नव्हते ते त्या एका शब्दाने झाले. त्या दिवसापासून तो ऑपरेशनबद्दल असे बोलू लागला, जणू दुरुस्तीला एक नवे यंत्र येणार आहे.

फक्त, लायब्ररी आधी बाहेर पडू दे, एवढेच त्याचे म्हणणे होते. ती पडली. नमुना म्हणून सोबत त्याचीच फाइल गेली, त्या जागांसकट. मी दुसरी सुचवली होती. माझ्या छातीला पट्ट्या लावून आम्ही पडताळणीसाठी एक फाइल केली होती, तिच्यात काहीच वावगे नव्हते. त्याने ती नाकारली. “तुझी फाइल लय गुणाची हाय. तिच्यावर कोण बी पास हुईल. वाचणाऱ्याची परीक्षा माझ्या फाइलीत हाय.” ऑपरेशनचा दिवस पुढच्या आठवड्यातला ठरला. वहिनींनी पिशवी भरून ठेवली होती. ती तशीच भरलेली मी नंतर पाहिली... वर त्याचा चष्मा, खाली घडी केलेला टॉवेल.

दिवसकार्य झाल्यावर डॉक्टरांनी सांगितले, रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांची तपासणी करा. मामांनी आधी उडवून लावले. “आमच्यात असंच जात्यात,” ते म्हणाले. वहिनी त्यांच्यासमोर कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी त्या म्हणाल्या, “मामंजी, माझी सई असं जायची न्हाई.” सई म्हणजे दादाची एकुलती मुलगी, कराडला कॉलेजात जाते. मामा उठले आणि शर्टाच्या गुंड्या काढून म्हणाले, “आधी मला लावा.”

मामांच्या हृदयात तशाच जागा निघाल्या, आखूड आणि विरळ. या वयापर्यंत त्या कुणालाही कळल्या नव्हत्या. एक माणूस जातो आणि एक राहतो, याचे कारण माझ्याजवळ नाही, डॉक्टरांजवळही नाही. त्यांना पेसमेकर बसला. सईची फाइल मी दुकानात बसून वाचली. ती शेजारी, त्याच मोडक्या खुर्चीवर. “आत्या, जागा दिसली तर लपवायची न्हाई,” तिने आधीच बजावले. मी प्रत काढली, मूळ फाइल बाजूला ठेवली आणि पूर्ण दिवसाचा आलेख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत नेला. प्रत्येक लहान लाटेमागे उंच टोक होते. शेवटपर्यंत होते. सांगलीच्या यंत्रानेही तेच सांगितले. डॉक्टर मात्र म्हणाले, दरवर्षी पाहायचे. म्हणजे आमच्या हाती आहे ते ‘नाही’ नव्हे, ‘यंदा नाही’ आहे. सईने ते शांतपणे ऐकून घेतले. पुढच्या वर्षीची फाइल आपण स्वतः वाचणार, असे ती एसटी स्टँडवर म्हणाली. मी तिला ‘उकल’ शिकवते आहे.

लायब्ररीची देखभाल आता माझ्याकडे आहे. परवा तिच्या पानावर एका अनोळखी वापरकर्त्याचा निरोप आला. भाषा सभ्य, माणूस काळजीपूर्वक काम करणारा असावा. त्याने लिहिले होते की नमुना फाइलमध्ये काही ठिकाणी ठोके गायब आहेत. बहुधा ठोकळ्यांच्या सीमेवर वाचन चुकते. कृपया दुरुस्ती करावी किंवा नमुना बदलावा. दादाचाच पहिला अंदाज, जवळपास दादाच्याच शब्दांत. माझी गुणाची फाइल तयार होती. ती तिथे ठेवली असती तर असे प्रश्न पुन्हा आले नसते. मी दुकानातच होते; त्या पुठ्ठ्यावरची अक्षरे पुन्हा वाचली. मग उत्तर लिहिले : ‘तपासले आहे. वाचन बरोबर आहे. नमुना बदलला जाणार नाही.’

दुकानाचे शटर आता दिवसाआड उघडते, पण संगणक वहिनी बंद करू देत नाहीत. रोज सकाळी तो दादाची फाइल वाचतो, परत लिहितो, ताडतो आणि मला एक ओळ पाठवतो. आकड्यांना क्षणही पुरत नाही. मला मात्र कधीकधी ती फाइल खऱ्या वेगाने, छातीत चालली त्याच चालीने पाहावीशी वाटते. ठोके येत राहतात. मग ती जागा येते. लहान लाट, मागे काही नाही. लहान लाट, मागे काही नाही... त्या फाइलमध्ये ठोका दरवेळी परत येतो. तो येईपर्यंत मी श्वास घेत नाही.