एनिडच्या रेघा

एनिड ब्लोर रेघा मारायची. शाळा सुटल्या सुटल्या ती इंग्लंडातल्या लाँगटनच्या एका चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात लागली आणि तिथली सगळी वर्षं तिने कपबशांच्या काठांवर रेघा ओढल्या. डाव्या हाताने चाक फिरवायचं, उजव्या हाताची करंगळी टेकवायची आणि कुंचला हलू द्यायचा नाही. चाक एक फेरा घेतं आणि रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळते. सांधा दिसला तर कप बाद. एनिडचा सांधा कुणाला सापडत नसे. पुढे छापील नक्षी आली. ती पाण्यात भिजवून कपावर चिकटवली की झालं. रेघा मारणाऱ्या बायका एकेक करून घरी बसल्या, एनिडही बसली.

मी तिचा शेजारी. टाइलच्या भट्टीवर कामाला होतो. आमच्या मागच्या अंगणांमध्ये एकच बुटकी भिंत होती. एनिडबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही आणि आता लिहिणारही नाही, म्हणून मीच जमेल तसं लिहितो आहे. माझ्यापेक्षा बऱ्या माणसाने लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

तिचा नवरा क्लिफर्ड खाणीच्या दुरुस्तीखात्यात फिटर होता. कामावरून आला की तो अंगणातल्या शेडमध्ये जायचा आणि जेवायला हाक मारली तरच बाहेर यायचा. शेडमध्ये तो वाफेचं इंजिन बांधत होता. दिखाऊ खेळणं नव्हे. तांब्याचा बॉयलर, आत पाणी, खाली बोराएवढे कोळशाचे तुकडे आणि वाफेवर खरंखुरं चालणारं इंजिन. लांबीला पाळण्याएवढं, पण मागच्या डब्यावर चार माणसं बसली तरी ओढून नेईल असं. इथल्या जुन्या रेल्वेच्या इंजिनाबरहुकूम होतं ते, त्या रेल्वेच्या अस्सल रंगातलं. तो रंग म्हणजे आपली मंजिष्ठ असते ना, तसा गडद तांबडा. त्यावर शेंदरी आणि पिवळी अशी जोडरेघ.

दर रविवारी पार्कातल्या छोट्या रुळांवर क्लबची मंडळी आपापली इंजिनं घेऊन जमत. त्या मंडळींचा एक न लिहिलेला कायदा होता. कुणी विचारलं की कुठला भाग स्वतः केला आणि कुठला बाहेरून आणला, ते खरं सांगायचं. विकत आणून जोडणाऱ्याला ते ‘चेकबुकवाला’ म्हणत, आणि ही तिथली सगळ्यात वाईट शिवी. क्लिफर्डची सारी ऐट सगळं स्वतः केल्यावरच होती. क्लबचा सेक्रेटरी लायनल मेचिन त्याला चिडवायचा, “क्लिफ, स्क्रू तरी विकत आणलेस की तेही घरीच केलेस?”

“स्क्रूसुद्धा मीच कातले,” क्लिफर्ड म्हणायचा, आणि ते खरं होतं.

इंजिन पुरं व्हायला वर्षानुवर्षं गेली. त्यात एनिडची आई गेली, क्लिफर्डचे केस गेले, माझी मुलगी शिकून लंडनला गेली. अखेर इंजिन रंगवून झालं आणि फक्त रेघा उरल्या. तिथे क्लिफर्ड अडला. रेखणी, म्हणजे रेघा ओढायचं पेन, घेऊन तो रेघ मारायचा, ती कोपऱ्यावर थरथरायची, मग टर्पेंटाइनने पुसायचा, पुन्हा मारायचा. एका दुपारी भिंतीपलीकडून रेखणी आपटल्याचा आवाज आला आणि मागोमाग एनिडचा.

“रंगावर कशाला राग काढतोस? हो बाजूला.”

“तुला काय कळतं इंजिनातलं?”

“इंजिनातलं नाही कळत. रेघेतलं कळतं.”

शेड गार होती, म्हणून तिने इंजिनाच्या पाण्याच्या टाक्या, केबिन आणि बॉयलरचं वेष्टण एकेक करून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणवलं. तो अख्खा हिवाळा ती दुपारची तिथे असायची. एकदा मला खिडकीतून हाक मारली. “ये दत्तू, बघ. पण श्वास तिकडे सोड.” करंगळी टेकलेली, लांब केसांचा कुंचला जवळजवळ आडवा, आणि मागे ओली पिवळी रेघ सरळ येते आहे. मी म्हटलं, कपासारखंच की हे. ती म्हणाली, “कप फिरतो तरी. हे धूड फिरतंय होय? मलाच प्रदक्षिणा घालायला लागते.” ती हसत होती. इतकी वर्षं शेजारी राहून तिला काम करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. ती वेगळीच दिसत होती.

क्लिफर्डने मग पितळेची पाटी कापली आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंना नाव बसवलं, ‘एनिड’. क्लबात बायकोचं नाव देण्याची रीतच आहे. तिलाही ते आवडलं. तिने फडक्याने पाटी पुसून पाहिली होती.

त्या वसंतात मँचेस्टरला प्रदर्शन होतं. इंजिन माझ्या व्हॅनमधून न्यायचं ठरलं. रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून एनिड मागे इंजिनाला धरून बसली. क्लिफर्ड पुढे माझ्या शेजारी.

परीक्षक करड्या कोटातले एक म्हातारे गृहस्थ होते. ते भिंग घेऊन इंजिनाभोवती फिरले आणि विचारत गेले. बॉयलर? मीच. पंप? मीच. चाकं? ओतीव आणली, कातली मी. मग ते टाकीपाशी वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

“मिस्टर ब्लोर, हे असं काम माझ्या पाहण्यात नाही. ह्या रेघा... हा हात कुणाचा?”

एनिड बाजूला थर्मासचं झाकण उघडत होती. तिचे हात थांबले. लायनल होता, त्याची बायको होती, क्लबचे निम्मे लोक होते. क्लिफर्डचे कान लाल झाले.

“घरचंच काम आहे सगळं,” तो म्हणाला.

परीक्षकांनी त्याचा हात हातात घेऊन हलवला. “जपा हो हा हात.”

मला राहवलं नाही. मी म्हणालो, “अहो, त्या रेघा तर...” एनिडने माझं कोपर दाबलं. खूप जोरात.

“तू नको,” ती हळू आवाजात म्हणाली. “ज्याने सांगायचं त्याला सांगू दे.”

त्याने सांगितलं नाही. रुपेरी पदक मिळालं, लायनलने त्याच्या पाठीत धपाटा घातला, फोटो निघाला. परतीच्या वाटेवर मागून एनिडचा आवाज आला.

“घरचं म्हणजे कुणाचं रे? मांजराचं?”

“आता काय झालं?”

“विचारते आहे. घरात तिघं आहोत. तू, मी आणि मांजर.”

“अगं, नाव कुणाचं आहे इंजिनावर? पितळेत कोरलंय! आणखी काय करायचं माणसाने?”

“नाव आहे. काम मी केलं, हे कुठे आहे?” ती म्हणाली. “कारखान्यात बशीच्या बुडाला जिची तिची खूण असायची. मुकादम कितीही खडूस असला तरी खूण कधी पुसली नाही त्याने.”

“सांगेन की. क्लबात सांगेन. मोठीशी गोष्ट आहे का ही?”

“मोठी नाहीच. म्हणून तर म्हणते, सांग.”

पुढच्या रविवारी त्याने सांगितलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. उशीर होत गेला तसं सांगणं अवघड होत गेलं असावं. आता सांगितलं तर मँचेस्टरला का नाही सांगितलंस, असं कुणीही विचारलं असतं. आणि लायनलची जीभ सगळ्यांना माहीत होती.

उन्हाळ्यात लायनल स्वतःच्या इंजिनाच्या टाक्या घेऊन त्यांच्या दारात आला. मी तेव्हा एनिडकडे ओटकेक, म्हणजे इथली ओटच्या पिठाची धिरडी, खात बसलो होतो.

“क्लिफ, तुझा हात लागू दे ह्यांना. घाई नाही. पण रेघा तुझ्याच हव्यात, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.” मग एनिडकडे वळून म्हणाला, “तुझ्या नवऱ्याला थोडे दिवस उसना घेतो हं, वहिनी.”

“घे की,” एनिड म्हणाली. “कुंचला कुठल्या बाजूने धरतात तेवढं विचारून घे.”

लायनल खळखळून हसला. क्लिफर्डही हसला. लायनल गेल्यावर टाक्या टेबलावर राहिल्या.

“करशील ना?” क्लिफर्डने विचारलं.

“करेन. आत्ता पळत जा आणि त्याला म्हण, एनिड करणार आहे. कोपऱ्यावर गाठशील. तू परत यायच्या आत मी रंग कालवलेला असेल.”

तो उठला. खरंच उठला, दारापर्यंत गेला. मग तिथेच उभा राहून बाहेर बघत राहिला. लायनलच्या गाडीचा आवाज आला आणि विरला. एनिडने ताटलीतला ओटकेक उलटला, मला म्हणाली, “चीज घे अजून.”

त्या टाक्या टेबलावर पडून राहिल्या. दोघंही मांडीवर ताटली घेऊन जेवत. एनिडने त्यांना हात लावला नाही, क्लिफर्डने लावून पाहिला आणि पुसून टाकला. अखेर एका रविवारी तो त्या तशाच परत घेऊन गेला. लायनलला म्हणाला, हात थरथर कापायला लागलाय, डॉक्टर म्हणतात नसांचं आहे काहीतरी.

सगळ्यांना फार वाईट वाटलं. एवढा हात, आणि असं व्हावं! लायनलच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी स्वतः पाहिलं. आणि तिथून पुढे क्लिफर्डला दर रविवारी हात मुद्दाम थरथरवावे लागले. चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरायचा. रुळांवर इंजिन चालवायला दुसऱ्या कुणाला तरी द्यायचा, कारण रेग्युलेटर, म्हणजे वाफ कमीजास्त करायचा दांडा, धरताना लोक बघणार. दुसऱ्या इंजिनाचा सांगाडा त्याने बांधायला घेतला होता, तोही थांबला. हात थरथरणारा माणूस लेथवर उभा राहतो हे कुणी पाहिलं तर? शेडला कुलूप लागलं. सांगाड्यावर गंज चढला. तो खिडकीपाशी बसून राहू लागला आणि आधी खोटं असलेलं म्हातारपण त्याला खरंच आलं.

बायका एनिडची कीव करत. लायनलची बायको एकदा माझ्यादेखत म्हणाली, “किती करतेस गं त्याचं! आता कपसुद्धा तूच धरतेस.”

“धरते,” एनिड म्हणाली. “त्याचा हात गेला म्हणतात ना. होता कधी, ते मला नाही आठवत.”

तिला वाटलं एनिड गंमत करते आहे.

मी एकदाच एनिडला विचारलं, तूच का नाही सांगून टाकत? ती कपडे वाळत घालत होती. “मी सांगितलं तर मी बढाई मारणारी बाई, आणि तो खोटारडा. त्याने सांगितलं असतं तर दोघंही बरी माणसं ठरलो असतो,” ती म्हणाली. चिमटे संपले होते; ती आणायला आत गेली. तो विषय ती पुन्हा माझ्याशी बोलली नाही. रेघही तिने पुन्हा मारली नाही.

ती गेल्या फेब्रुवारीत गेली. छातीचं दुखणं होतं. दहन झाल्यावर सगळे क्लबच्या खोलीत जमले. क्लिफर्डने इंजिन आणून टेबलावर ठेवलं होतं, पाटी चकचकीत केलेली, पुढे पांढरी फुलं. पाद्रीबाबांनी इंजिनाकडे बोट दाखवून म्हटलं, असा मान किती बायकांच्या वाट्याला येतो? नवऱ्याने आयुष्य घालून एक वस्तू घडवावी आणि तिला बायकोचं नाव द्यावं! लायनलच्या बायकोने रुमाल काढला.

मग सगळे क्लिफर्डकडे बघू लागले. तो उठला आणि इंजिनाजवळ गेला. टाकीवर बोट ठेवलं आणि पिवळ्या रेघेवरून हळूहळू पुढे नेलं, कोपऱ्यापर्यंत. तिथे थांबला. मला वाटलं, आता सांगेल. आता लाजायला समोर कोण उरलंय? लायनल तरी अजून किती दिवसांचा सोबती?

“तिने मला कधी आडकाठी केली नाही,” क्लिफर्ड म्हणाला. “शेडमध्ये चहा आणून द्यायची.”

माना हलल्या. लायनल म्हणाला, “खरं आहे रे. खरं आहे.” क्लिफर्ड खुर्चीवर बसला. लोक सँडविचच्या टेबलाकडे वळले. मी तिथेच उभा होतो, तो अजून काही बोलेल म्हणून. तो बोलायला पुन्हा उठला नाही.