ठेवणीतली साडी

सरकारी दवाखान्यात औषधांच्या मदतीची एक खिडकी आहे. आईच्या इन्सुलिनसाठी मी तिथं रांगेत उभी होते. पुढच्या बाईनं जांभळी, काठाची साडी नेसली होती. साहेबापुढे जाताना आपल्याकडे माणूस ठेवणीतलंच काढतो.

खिडकीतल्या बाबूनं तिचा उत्पन्नाचा दाखला पाहिला, मग तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कागद ठीक आहेत. पण बाई, तुम्ही गरीब वाटत नाही."

"लेकीच्या फिटच्या गोळ्या आहेत, साहेब. गोळी चुकली की पोर जमिनीवर डोकं आपटते. काल कपाळ फुटलंय तिचं."

"गरज असलेले असे नटून येत नाहीत."

बाईनं पदराची कड दातांत धरली आणि हिसका दिला. टर्रकन आवाज झाला. फाटलेली चिंधी तिनं गजांतून त्याच्या तोंडावर फेकली.

"आता वाटते?"

नुसतं गरीब असून भागत नाही. जखम आहे म्हटलं तर खपली ओरबाडून दाखवा म्हणतात, आणि बघणाऱ्याचं समाधान होईपर्यंत रक्त वाहायला हवं. बाबूच्या हातातला रबरी शिक्का हिसकावून त्याच्याच कपाळात हाणावा, असं मला वाटलं.

त्यानं चिंधी बाजूला सारून शिक्का मारला. बाई गेली, रांग सरकली.

माझ्या मागे कडक इस्त्रीच्या सदऱ्यात एक आजोबा होते. खिशाशी बराच वेळ झटापट करून ते हळूच म्हणाले, "पोरी, एवढा खिसा फाडून देतेस? माझ्या बोटांत जोर नाही राहिला."