लग्नातले पुरुषी बूट

काल सीताबर्डीत बूट घ्यायला गेले. खोका उघडताच नव्या रबराचा वास आला आणि आई आठवली.

आई वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभी राहून पोळ्या लाटायची. टाचा इतक्या दुखायच्या, की सकाळी भिंत धरून उठायची. मामाच्या लग्नाआधी तिने याच बाजारात पुरुषांचे रुंद, जाड तळाचे बूट पायात घातले, दुकानभर चालून पाहिलं आणि बोटं मोकळी हलतात म्हणून तेच घेतले.

सोबत आलेली आत्या हळूच म्हणाली, "वहिनी, लग्नात साडीवर हे घालशीन काय? लोक हसतीन वं."

"हसू दे," आई म्हणाली. "पाय माहे दुखतात, त्यायचे नाही."

काटोलला लग्नात बायका खरंच कुजबुजल्या. आईने त्यांच्यासमोरच साडी वर खोचली आणि वरातीत शेवटपर्यंत नाचली. तेव्हा वाटलं, त्यांना चिडवायलाच नाचतेय. चिडवायचं होतंच. पण आता माझ्याही टाचा दुखतात, तेव्हा कळतं, की कित्येक वर्षांनी त्या दिवशी तिला नाचता येत होतं.