पेरूच्या बागेतली पिवळी छत्री

लोहगावच्या विमानतळावरून आजवर जेवढी विमानं सुखरूप उडाली, त्यांतली निदान निम्मी माझ्या वहिनीच्या वडिलांच्या छत्रीच्या भरवशावर उडाली, असं माझं प्रामाणिक मत आहे. काका भूगोलाचे निवृत्त मास्तर, राहायला मंडईजवळ. निरोपाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं ठाम होतं, की पाहुणा दिसेनासा होईपर्यंत हात हलवायचा. स्वारगेटला एसटी वळेपर्यंत ते हात हलवत, आणि ड्रायव्हर मुद्दाम सावकाश वळतो असा त्यांना संशय होता. पण नातेवाईक विमानानं जायला लागले तशी त्यांची पंचाईत झाली. विमानतळाच्या दारातूनच परत फिरणं म्हणजे पाहुण्याला अर्ध्या जिन्यातून कटवण्यासारखं, असं ते म्हणत. मग त्यांनी विमानतळाच्या भिंतीपलीकडची एक पेरूची बाग शोधून काढली. विमान तिच्या अगदी डोक्यावरून जायचं. हात कुठला दिसणार, म्हणून काळ्या छत्रीवर त्यांनी हळदीसारखं पिवळं कापड शिवून घेतलं. ‘उन्हासाठी का?’ असं शिंप्यानं विचारलं, तर म्हणाले, ‘वरच्यांसाठी.’

तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांतलंच काय, शेजाऱ्यांच्या पाहुण्यांपैकीही कुणी विमानानं निघालं, की काका दोन तास आधी बसनं बागेत हजर. प्रवाशाला आदल्या दिवशीच सूचना मिळत. ‘डावीकडची खिडकी मागून घ्या. विमान सुटल्यावर लगेच पाणी मागत बसू नका, आधी खाली बघा.’ बागेचे मालक लोहगावचेच शेतकरी. त्यांनी एकदा न राहवून म्हटलं, ‘आवो मास्तर, इमानातनं आख्खी बाग दिसत नसंल, तुमची छत्री कुटनं दिसायची?’

‘तुम्ही कधी बसलात विमानात?’

‘न्हाय बा.’

‘मग?’

काकाही कधी बसले नव्हते, पण तो मुद्दा निघालाच नाही. मालकांनी त्यांना बसायला एक बाजलं टाकून दिलं.

पोचल्यावर प्रवाशानं फोन करायचा, हा नियमच होता. पण ‘पोचलो’ म्हटलेलं त्यांना चालत नसे. ‘ते कळलं हो, विमानं पोचतातच. छत्री दिसली का?’ शेजारच्यांच्या जावयानं एकदा खरं बोलायचा आगाऊपणा केला. ‘नाही दिसली,’ म्हणाला. काकांनी त्याला चष्म्याच्या दुकानाचा पत्ता दिला. बाकी आम्ही सगळे इमानेइतबारे खोटं बोलायचो. मी ऑफिसच्या कामासाठी दिल्लीला गेलो, तेव्हा माझी खिडकी पंखावर होती. तरी दडपून सांगितलं, ‘स्पष्ट दिसली, काका.’ काका म्हणाले, ‘वा. नजर चांगली आहे तुमची.’

भाऊ बंगळूरला गेला, वहिनी गेली, तरी काका काही जाईनात. ‘मी वर गेलो तर खाली कोण उभं राहणार?’ शेवटी नातवाची मुंज ठरली आणि त्यांचा नाइलाज झाला. छत्री धरायचं काम मी पत्करलं. मला धास्ती होती ती वेगळीच. आता हे स्वतः खिडकीतून बघणार, काही दिसणार नाही, आणि आम्ही इतकी वर्षं त्यांना बनवलं हे एका मिनिटात कळणार. वरून नुसता पिवळा ठिपका तरी दिसू दे, एवढंच मनात होतं.

विमानतळाच्या दारात त्यांनी छत्री माझ्या हातात दिली आणि ‘बाजल्याच्या उजवीकडे उभे राहा,’ असं बजावून आत गेले. मी स्कूटरवरून बागेपाशी पोचलो, तर बाग नव्हतीच. चारी बाजूंनी पत्रे, आत खणलेले खड्डे, आणि दारात एक पहारेकरी. मालकांनी जमीन महिन्यापूर्वीच विकली होती. पहारेकऱ्याला छत्रीचं महत्त्व पटवायचा प्रयत्न करत होतो, तेवढ्यात विमान डोक्यावरून निघून गेलं. छत्री माझ्या काखेत, मिटलेली. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

संध्याकाळी फोन आला.

‘अहो, छत्री दिसली बरं का. स्पष्ट दिसली. फक्त जरा तिरकी धरली होतीत.’

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, ‘वारा होता, काका.’

‘असणारच. तुम्ही दिल्लीला गेलात तेव्हाही होता. तुमचं विमान उलट्या बाजूनं, येरवड्याच्या अंगानं गेलं. मी बागेत पेरू खात बसलो होतो.’

मी विचारलं, ‘मग दर वेळी विचारायचात कशाला?’

‘तुम्ही “दिसली” म्हणायचात. बरं वाटायचं हो.’

पुढे काका बंगळूरलाच राहिले, आणि वर्षभरात तिथेच गेले. त्यांच्या माघारी छत्री माझ्याकडे राहिली. पिवळं कापड आता पार विटलं आहे. घरातलं कुणी विमानानं निघालं, की मी गच्चीवर जाऊन ती उघडतो. विमान कुठल्या बाजूनं जाईल याचा नेम नसतो. छत्री मात्र सरळ धरतो.